फॅट, डिग्री आणि रात्रपाळी: दूध डेअरीच्या लॅबमधली नोकरी

लॅबवाली

एका मुलीने व्यक्तिगत निरोप (व्यनि) पाठवून विचारलं, "ताई, बीएस्सी केमिस्ट्री झालंय. जवळच्या डेअरीत लॅब टेक्निशियनची जागा निघाली आहे. जाऊ का? घरचे म्हणतात, दुधात लॅक्टोमीटर बुडवायला तीन वर्षं शिकलीस का?" तिला उत्तर लिहायला बसले आणि ते काही आवरेना, म्हणून धागाच काढतेय.

मी अकरा वर्षं या कामात आहे. पश्चिम महाराष्ट्रातली खासगी डेअरी, गाईचं दूध जास्त, म्हशीचं थोडं. नाव विचारू नका, पगार अजून तिथूनच येतो.

पहाटे पावणेचारला टँकर डॉकवर लागतो. गावोगावच्या बीएमसीवरून (दूध गार ठेवायच्या मोठ्या टाक्यांवरून) गोळा केलेलं नऊ-दहा हजार लिटर दूध आत असतं. झाकण उघडलं की आधी वास घ्यायचा, यंत्रं सगळी नंतर. आंबूस, गोठ्याचा, डिझेलचा, कधी नुसताच 'काहीतरी वेगळा'. नाकाचं म्हणणं वहीत लिहिता येत नाही, पण पुढे कुठली चाचणी आधी लावायची ते नाकच ठरवतं. मग प्लंजरने दूध खालीवर करायचं, नाहीतर वर आलेली साय सॅम्पलमध्ये येते आणि फॅट फुगते. तापमान बघायचं, बाटली घेऊन आत पळायचं.

५ मिली दूध परीक्षानळीत घालून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचं. फुटलं तर टँकर परत. याला आम्ही सीओबी (क्लॉट ऑन बॉइलिंग) म्हणतो. आई गॅसवर दूध तापवून बघते, तेच हे. शेजारी अल्कोहोल टेस्ट: ६८ टक्के अल्कोहोल आणि दूध समान घेऊन नळी उलटीसुलटी करायची, काचेवर बारीक कण चिकटले (म्हणजे पॉझिटिव्ह) तर दूध नापास. मग आम्लता. मग भेसळ: आयोडीनने स्टार्च, रोझोलिक अ‍ॅसिडने सोडा, डीएमएबी नावाच्या रसायनाने युरिया, त्यात नळी पिवळी होते. युरियाची एक गंमत आहे. दुधात तो मुळातच थोडा असतो, त्यामुळे नळी थोडी पिवळी होणारच. नियमाने १०० मिलीमध्ये ७० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. म्हणजे 'पिवळं झालं का' हा प्रश्नच नाही, 'किती पिवळं' हा प्रश्न आहे, आणि तो पहाटे चार वाजता ट्यूबलाइटखाली सोडवायचा.

फॅटला आता अ‍ॅनालायझर आहे, मिनिटाभरात आकडा देतो. पण भांडण झालं की सगळे गर्बर पद्धतीकडे येतात. १८९१ सालची पद्धत आहे, निकोलाउस गर्बर नावाच्या स्विस माणसाची. बुटिरोमीटरमध्ये (फॅट मोजायच्या रेघा आखलेल्या काचेच्या नळीत) १० मिली सल्फ्युरिक अ‍ॅसिड, त्यावर १०.७५ मिली दूध, वर १ मिली अमाइल अल्कोहोल. दूध नळीच्या कडेने, अलगद सोडायचं. घाईने ओतलं तर ते अ‍ॅसिडवर करपतं आणि वाचताना फॅटच्या खाली काळे ठिपके दिसतात. बूच घट्ट बसवायचं, फडक्यात गुंडाळून हलवायचं. फडकं विसरलात तर बुटिरोमीटर हातात धरवत नाही इतका तापतो. तपकिरी-काळपट झालं की सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं, मग ६५ अंशांच्या पाण्यात. बाहेर काढलं की वर मधासारखा पिवळा थर दिसतो. बूच किंचित आत-बाहेर करून तो बरोबर रेघेवर आणायचा आणि डोळ्यासमोर धरून वाचायचा. ३.४ की ३.५? त्या एका रेघेचे पैसे असतात.

एवढ्यात ड्रायव्हर खिडकीशी दोनदा येऊन गेलेला असतो: "मॅडम, लावू का पाइप?"

पगार: २०१४ मध्ये ८,५०० वर लागले, आज २७ हजार हातात येतात. अ‍ॅप्रनला अ‍ॅसिडची भोकं पडतात, अमाइल अल्कोहोलने घसा धरतो, पुष्टकाळात (दूध भरपूर येतं त्या महिन्यांत) सुट्टी मिळत नाही. विचारा काय विचारायचं ते.

खमंग_थालीपीठ

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. पहिला प्रश्न: तुम्ही घरी कुठलं दूध घेता?

लॅबवाली

हा प्रश्न तिसऱ्या प्रतिसादाच्या आत येणार, अशी मी नवऱ्याशी पैज लावली होती. जिंकले.

पिशवीचं घेते. ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच ४ अंशांपर्यंत थंड केलेलं असतं. नीट तापलं की नाही हे बघायला फॉस्फेटेज टेस्ट असते. कच्च्या दुधात ते एन्झाइम असतं आणि पाश्चरीकरणात ते मरतं. राहिलं असेल तर एकतर तापमान कमी पडलं किंवा कुठेतरी कच्चं दूध मिसळलं. तरी घरी एकदा उकळते, सवय म्हणून. सासूबाईंना साय लागते, हेही कारण आहेच.

भाऊसाहेब_गोठेवाला

ताई, एक सांगा. माझ्या अकरा गाई आहेत. गावच्या सेंटरवर लॅक्टोमीटरची डिग्री २८ लागते, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) ८.१ निघतं. तेच दूध मेहुण्याच्या सेंटरवर नेऊन बघितलं, डिग्री २८ च, फॅटही तीच ३.५, आणि एसएनएफ ८.३. दर फॅट ३.५, एसएनएफ ८.५ ला असतो, खाली आलं की पैसे कापतात. दूध एक, गाय एक, मग कापणारा कोण?

लॅबवाली

भाऊसाहेब, दोघांनीही कदाचित खोटं केलेलं नाही. लॅक्टोमीटर एसएनएफ मोजतच नाही. तो फक्त दूध किती जड आहे ते सांगतो, एसएनएफ आपण सूत्राने काढतो. डिग्रीला चारने भागायचं, त्यात फॅटचा काही हिस्सा मिळवायचा, वर एक ठरलेला आकडा मिळवायचा. तो हिस्सा आणि तो आकडा सगळीकडे सारखा नसतो. तुमचंच दूध घेऊ:

२८ भागिले ४ म्हणजे ७. कुठे फॅट गुणिले ०.२५ अधिक ०.४४ करतात: ७ + ०.८७५ + ०.४४ = ८.३१.
कुठे फॅट गुणिले ०.२१ अधिक ०.३६ करतात: ७ + ०.७३५ + ०.३६ = ८.०९.

तुमचे ८.३ आणि ८.१ इथून आले. लॅक्टोमीटर कुठल्या तापमानाला आखलेला आहे आणि त्याला कुठलं सूत्र लावायचं, ही जोडी ठरलेली असते. ती मोडली की असं होतं. सेंटरवर दोनच गोष्टी विचारा: सूत्र कुठलं आणि लॅक्टोमीटरवर तापमान किती छापलंय.

आणखी एक. धार काढून तडक नेलेल्या दुधाची डिग्री कमी लागते. त्यात हवा असते आणि फॅट अजून मऊ असते. तासा-दोन तासांनी तेच दूध थोडं जड भरतं. सेंटरवर सकाळी रांग लागते तेव्हा हे कुणी सांगत नाही.

भाऊसाहेब_गोठेवाला

वीस वर्षं दूध घालतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं. उद्या विचारतो. भांडण झालं तर तुमचं नाव सांगत नाही.

निवृत्त_दूधयोजना

सरकारी दूध योजनेत ३१ वर्षं काढली, त्यामुळे राहवलं नाही. आमच्या वेळी सेंट्रिफ्यूज हाताने फिरवायचे. नवा पोरगा आला की आठवडाभर त्याला तेच काम. दंड असे भरून यायचे की पिपेट धरताना हात थरथरायचा, आणि साहेब म्हणायचे रीडिंग चुकतंय.

या क्षेत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तुपाची आहे. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळलं तर ओळखायचं कसं? सरकारने उपाय काढला: वनस्पती बनवणाऱ्याने त्यात ५ टक्के तिळाचं तेल घातलंच पाहिजे. का, तर तिळाच्या तेलातला एक घटक हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि फरफ्युरलबरोबर गुलाबी-लाल रंग देतो. मग तुपात वनस्पती असेल तर नळी लाजते! बॉदवां टेस्ट. म्हणजे भेसळ होणार हे धरूनच चालायचं आणि भेसळीच्या मालातच आधी खूण पेरून ठेवायची. ज्याला हे सुचलं त्याला माणसाची पारख होती.

दुसरी, विदर्भातली. सरकी खाणाऱ्या जनावरांचं तूप सरकीच्या तेलाच्या टेस्टला पॉझिटिव्ह येऊ शकतं. भेसळ नसते, खुराक असतो. नवीन टेक्निशियन तिथे हमखास फसतो.

उदगीरकर

धागा छान आहे, पण एक दुरुस्ती. मी उदगीरच्या डेअरी कॉलेजचा बीटेक. केमिस्ट्रीवाल्यांना टेस्ट येतात, पण टेस्ट का बिघडली हे कळायला दूध कळावं लागतं. व्यनिवाल्या मुलीने आधी ठरवावं, तिला टेक्निशियन राहायचंय की पुढे जायचंय. डेअरीसाठी उदगीर आणि पुसदजवळचं वरुड, अन्नतंत्रासाठी परभणीचं कॉलेज (१९७६ पासून आहे), मुंबईत आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था). नुसत्या बीएस्सीवर पाच वर्षांनी छताला डोकं आपटतं.

लॅबवाली

छताला आपटलेलं डोकं माझंच आहे, त्यामुळे वाद नाही.

पण उदगीरकर, ज्या घरातून मुलगी तालुक्याच्या कॉलेजलाही बसच्या वेळा बघून पाठवतात, तिला चार वर्षं होस्टेलला ठेवा म्हणणं सोपं आहे. तिच्यापुढे नोकरी आहे, ती घ्यावी आणि एमएस्सी बाहेरून, जमेल तसं करावं. सरकारी फूड अ‍ॅनालिस्ट व्हायचं तर केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, डेअरी केमिस्ट्री किंवा फूड टेक्नॉलॉजी अशा विषयातली मास्टर्स चालते, तुमच्यासारख्यांची डेअरीची बीटेकही चालते. वर तीन वर्षं अन्न तपासणीचा अनुभव आणि परीक्षा. ते दार उघडं आहे. मी त्या दारापर्यंत गेले नाही, कारण दुसरं बाळ झालं. तो वेगळा धागा होईल.

उदगीरकर

मान्य. माझा सूर जरा कॉलेजच्या गेटवरचा झाला.

कोर्टाची_पायरी

फूड अ‍ॅनालिस्टचा विषय निघाला म्हणून. लॅबचा कागद कोर्टात टिकणं ही वेगळीच परीक्षा असते. मॅगीचं २०१५ चं प्रकरण आठवा. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीचं सॅम्पल कोलकात्याच्या लॅबमध्ये गेलं, शिसं १७.२ पीपीएम निघालं, मर्यादा २.५. जूनमध्ये देशभर बंदी आली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली. ज्या लॅबच्या अहवालांवर ती उभी होती त्यांना कायद्याने लागणारी मान्यता नव्हती आणि कंपनीचं म्हणणं नीट ऐकलं गेलं नव्हतं, हे मुख्य मुद्दे. मोहाली, जयपूर आणि हैदराबाद इथल्या तीन लॅबमध्ये पुन्हा तपासणी झाली, शिसं मर्यादेत निघालं.

मॅगी चांगली की वाईट हा मुद्दा नाही. टेक्निशियनने लिहिलेल्या एका आकड्यावर देशभरातल्या दुकानांचे शेल्फ रिकामे झाले, आणि मग तो आकडा कुणी, कुठे, कसा काढला यावर सगळं फिरलं. म्हणून वही नीट ठेवा. तारीख, वेळ, सही. खाडाखोड केली तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे.

ऑकलंडची_सई

इथे न्यूझीलंडमध्ये मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे, दुधाच्याच. इकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला २०१३ ची गोष्ट सांगतात. फॉन्टेराने जाहीर केलं की ३८ टन व्हे प्रोटीनमध्ये बोट्युलिझमचा जंतू असू शकतो. बाळांच्या दुधातही तो माल गेलेला. चीनसकट काही देशांनी माल थांबवला. ऑगस्टच्या शेवटी पुढच्या तपासण्यांमधून कळलं की तो क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नव्हताच, त्याचा चुलतभाऊ स्पोरोजेनेस होता. तो ते विष बनवत नाही.

आम्हाला शिकवतात, 'नाही' म्हणणं म्हणजे सुरक्षित बाजू, असं समजू नका. चुकीच्या 'नाही'चंही बिल येतं.

लॅबवाली

सई, तू हे लिहिलंस आणि मी दोन दिवस इथे आले नाही. आता लिहितेच.

एप्रिल महिना, नोकरीचं तिसरं वर्ष. एक टँकर आला, ९,२०० लिटर. वास ठीक, सीओबी ठीक, आम्लता ०.१४, म्हणजे चांगलीच. अल्कोहोल पॉझिटिव्ह. काचेवर रव्यासारखे कण. पुन्हा केली, पुन्हा तेच. असं होऊ शकतं. उन्हाळ्यात, आटत आलेल्या गाईंच्या दुधात क्षारांचा तोल बिघडतो, आम्लता नीट असूनही दूध अल्कोहोलला टिकत नाही. आमच्याकडे नियम होता: अल्कोहोल पॉझिटिव्ह, टँकर परत. मी परत पाठवला. ड्रायव्हर म्हातारा होता, काही बोलला नाही, कागद घेतला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी लागोपाठ तीन टँकर पॉझिटिव्ह. तेव्हा डोक्यात उजेड पडला. अल्कोहोलच्या बाटलीत हायड्रोमीटर टाकला. ६८ नव्हतं, ७५ होतं. यूएचटी (खूप जास्त तापमानाला तापवून टिकाऊ केलेल्या) दुधाच्या ट्रायलसाठी कुणीतरी तीव्र द्रावण करून ठेवलेलं, बाटली तशीच, शेल्फ तेच, चिठ्ठी पुसलेली. ७५ टक्क्यांना चांगलं दूधही फुटू शकतं. तीन टँकर ६८ वर घेतले, तिन्ही पास.

आदल्या दिवशीचा मात्र गेलेला होता. ती चूक चिठ्ठी न लावणाऱ्याची, पण बाटली उचलणारा हात माझा. मी वहीत लाल पेनाने लिहिलं: 'कालचा निकाल चुकीचा, अल्कोहोल ७५ टक्के'. साहेबांनी ते पान बघितलं आणि म्हणाले, हे वहीत नको, बोलून सांगायचं असतं.

भाऊसाहेब_गोठेवाला

त्या दुधाचं काय झालं?

लॅबवाली

खव्याच्या भट्टीवाल्याने घेतलं. निम्म्याहून कमी भावाने, असं नंतर कळलं.

भाऊसाहेब_गोठेवाला

आणि शेतकऱ्यांना पैसे?

लॅबवाली

नाही. सेंटरच्या चेअरमनला मी स्वतः फोन केला, चूक आमची आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. लेखी द्यायचा अधिकार मला नव्हता. ज्यांना होता त्यांनी दिलं नाही.

उदगीरकर

रोज कंट्रोल (चांगल्या दुधाची पडताळणी नळी) लावत नव्हता का? आदल्या दिवशीच्या पिशवीतलं चांगलं दूध तुमच्या अल्कोहोलवर आधी टाकून बघितलं असतं तर पहिल्या मिनिटात कळलं असतं.

लॅबवाली

तेव्हा लावत नव्हतो. आता पाळी सुरू झाली की पहिली नळी पिशवीच्या दुधाची. ती फुटली तर दोष दुधात नाही, बाटलीत. यूएचटीचं अल्कोहोल वेगळ्या कपाटात, लाल झाकणाच्या बाटलीत, आणि चिठ्ठी आता पेनाची नाही, पेन्सिलची. पेनाची शाई अल्कोहोलने जाते. हे बीएस्सी केमिस्ट्रीवालीला तिसऱ्या वर्षी कळलं!

निवृत्त_दूधयोजना

पेन्सिलीची गोष्ट आम्हालाही अशीच कळली होती. आमची चूक उलटी होती, टँकर घेतला होता. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

भाऊसाहेब_गोठेवाला

ताई, राग मानू नका. आमच्या सेंटरचं दूध २०१९ च्या उन्हाळ्यात असंच परत आलं होतं. माझे त्या दिवशीचे ११० लिटर त्यात होते. मी त्या लॅबवाल्याला बोलू नये ते बोललो होतो. तुमचीच लॅब असेल असं नाही, वर्षही जुळत नाही. पण एक विचारतो. आमच्या बीएमसीवर टँकर भरायच्या आधी आम्हीच ही अल्कोहोल टेस्ट केली आणि निकाल कागदावर लिहून ड्रायव्हरबरोबर दिला, तर डेअरी मानेल का?

लॅबवाली

मानायलाच पाहिजे असा नियम माझ्या माहितीत नाही. पण कागद आला की माझ्यासारखीला थांबायला कारण मिळतं. 'तिथे निगेटिव्ह, इथे पॉझिटिव्ह' दिसलं की मी आधी माझी बाटली तपासेन. त्या दिवशी असा कागद असता तर तपासली असती. ६८ टक्केचं द्रावण डेअरीकडूनच मागा आणि बूच घट्ट लावा. बाटली उघडी राहिली की अल्कोहोल उडतं, द्रावण पातळ होतं आणि मग वाईट दूधही पास होतं. म्हणजे चूक तुमच्या बाजूने! आणि सोबत त्याच टँकरचं सीलबंद सॅम्पल फ्रिजमध्ये ठेवा. कागदापेक्षा बाटली जास्त बोलते.

खमंग_थालीपीठ

पॉपकॉर्न कधीच खाली ठेवला. वाचतेय.

नवी_पिपेट

ती व्यनिवाली मुलगी मीच. इंटरव्ह्यू झाला. त्यांनी विचारलं, सीओबी निगेटिव्ह, आम्लता नॉर्मल आणि अल्कोहोल पॉझिटिव्ह आली तर काय करशील? मी म्हटलं, आधी अल्कोहोल तपासेन. साहेब जरा थांबले आणि म्हणाले, हे कुठे शिकलीस? सांगितलं नाही. १२,५०० देणार आहेत, सोमवारपासून हजर, पहिली पाळी पहाटेची. बाबा म्हणाले आठवडाभर सोडायला येईन, मग बघू.

काय काय नेऊ?

लॅबवाली

अभिनंदन गं!

पायात बंद बूट, डॉकवर कायम ओलं असतं आणि सांडलेल्या दुधावरून पाय सटकतो. केस जाळीत बसतील असे बांध. बांगड्या, नेलपॉलिश घरी. सुती कपडे घाल, सिंथेटिकवर अ‍ॅसिड उडालं तर चिकटतं. अ‍ॅप्रन ते देतील, मोठाच देतील, बाह्या दुमड. अ‍ॅसिड तोंडाने ओढायला कुणी सांगितलं, 'आम्ही असंच करतो' म्हणालं, तरी ओढू नकोस. डिस्पेन्सर मागून घे, नसेल तर रबरी बल्ब स्वतःचा ने. एक छोटी वही, दोन पेन्सिली. डबा जास्तीचा ने, चार वाजता भूक लागते आणि कॅन्टीन सातला उघडतं.

आणि बाबांना आत ऑफिसात बसायला सांग. पहाटे गेटवर डास फार असतात.